रूथचं पुस्तक: सरव्यापासून सातबाऱ्यापर्यंत

दिवाळी झाली की नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडची कितीतरी कुटुंबं बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला निघतात; कुणी गुजरातेत, कुणी पश्चिम महाराष्ट्रात. स्थलांतराच्या बातम्या दरवर्षी येतात, मुलांच्या शाळेची चर्चा होते. श्रद्धा असलेल्या घरात मात्र एक प्रश्न असतो जो बातमीत येत नाही: पोटासाठी गाव सोडायची वेळ येते तेव्हा देव कुठे असतो? आणि घरातलं माणूस गमावून, रिकाम्या हाताने परतावं लागतं तेव्हा?

बायबलमध्ये नेमकं याच ठिकाणी सुरू होणारं एक छोटं पुस्तक आहे, रूथचं. ख्रिस्ती घरांत ते ओळखीचं असतं, पण बहुतेक वेळा त्यातली दोनच वचनं कानावर पडतात आणि तीही लग्नात. उरलेलं पुस्तक अवघड वाटतं, कारण त्यात कापणीचे, जमिनीचे आणि वारशाचे जुने नियम गृहीत धरलेले आहेत. ते नियम कळले की सगळं उलगडतं, आणि विश्वासाबद्दल या पुस्तकाला काय सांगायचं आहे तेही.

गोष्ट थोडक्यात

पुस्तक 4 अध्यायांचं, 85 वचनांचं. मोठ्याने सावकाश वाचलं तरी वीस-पंचवीस मिनिटांत संपतं. काळ शास्त्यांचा, म्हणजे इस्राएलात अजून राजा नव्हता तेव्हाचा. बेथलेहेमात दुष्काळ पडतो. अलीमलेख नावाचा माणूस बायको नामी आणि महलोन, खिल्योन या दोन मुलांना घेऊन मृत समुद्रापलीकडच्या मवाब देशात जातो. तिथे तो मरतो. मुलं मवाबी मुलींशी लग्न करतात, अर्पा आणि रूथ यांच्याशी. सुमारे दहा वर्षांत दोन्ही मुलंही मरतात. मूलबाळ कुणालाच नाही. तीन विधवा उरतात. एवढं सगळं पहिल्या पाच वचनांत घडतं.

गावाकडे पुन्हा भाकरी मिळू लागली आहे असं कळल्यावर नामी परत निघते. सुनांना म्हणते, माहेरी जा. अर्पा जाते, रूथ जात नाही. दोघी बेथलेहेमात पोचतात त्या जवाच्या कापणीच्या तोंडावर. रूथ सरवा, म्हणजे कापणीत शेतात पडून राहिलेली कणसं, वेचायला बाहेर पडते आणि बवाज नावाच्या सधन शेतकऱ्याच्या शेतात येते. तो अलीमलेखाच्याच कुळातला निघतो. तिसऱ्या अध्यायात खळ्यावरची रात्र आहे. चौथ्यात वेशीवरचा जमिनीचा व्यवहार, रूथ आणि बवाजचं लग्न आणि ओबेद नावाचा मुलगा. ओबेदाचा मुलगा इशाय, इशायाचा मुलगा दावीद राजा.

तीन नियम आधी समजून घ्या

पहिला सरव्याचा. लेवीय आणि अनुवाद या बायबलमधल्याच नियमांच्या पुस्तकांत तो सापडतो: लेवीय 19 आणि अनुवाद 24 या अध्यायांत. शेतकऱ्याने शेताचे कानेकोपरे कापून नेऊ नयेत, कापताना खाली पडलेलं पुन्हा गोळा करू नये, शेतात विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नये. ते परदेशी, अनाथ आणि विधवा यांचं. भुईमूग काढून झाल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा किंवा गव्हाच्या सोंगणीनंतरच्या ओंब्या आपल्याकडेही वेचतात, तोच हा सरवा. आपल्याकडे ती मालकाची मर्जी असते, तिथे तो देवाने घालून दिलेला नियम होता. कोपरा किती सोडायचा हे बायबल सांगत नाही. पुढे इ.स. 200 च्या सुमारास तयार झालेल्या ‘मिश्ना’ या यहुदी नियमसंग्रहात हिशेब आला: कोपऱ्याचा भाग साठाव्या हिश्श्यापेक्षा कमी नसावा, एके ठिकाणी दोन कणसं पडली तर तो सरवा, तीन पडली तर मालकाची. भांडणं कुठे होत असतील याचा अंदाज यावरून येतो.

दुसरा नियम जमीन सोडवण्याचा, लेवीय 25 मधला. जमीन कायमची विकायची नाही. गरिबीमुळे विकावी लागली तर जवळच्या नातेवाइकाने ती सोडवून घ्यावी. कुणीच सोडवली नाही तर 50 व्या वर्षी, म्हणजे योबेलाच्या वर्षी, ती मूळ घराण्याकडे परत जाते. म्हणून किंमत जमिनीची ठरत नसे, योबेलापर्यंत जेवढी पिकं निघतील तेवढ्या पिकांची ठरे. आपल्याकडे अडचणीत जमीन गहाण टाकून काही वर्षं दुसऱ्याला कसायला देतात, सातबाऱ्यावर नाव मात्र मूळ घराचंच राहतं. साधारण तसं हे समजा.

तिसरा नियम अनुवाद 25 मधला. एकत्र राहणाऱ्या भावांपैकी एक निपुत्रिक मेला तर दुसऱ्याने त्याच्या विधवेशी लग्न करावं आणि पहिला मुलगा मेलेल्या भावाच्या नावाचा धरावा. रूथच्या बाबतीत मात्र भाऊच उरलेला नाही. नियम अक्षरशः लावला तर तिच्याशी लग्न करण्याची सक्ती कुणावरही येत नाही. पुस्तकाची सगळी गंमत या फटीत आहे: नियम जिथे थांबतो तिथून पुढे कोण किती चालतो, हे ते दाखवतं.

देव बोलत का नाही?

या पुस्तकात देव कुणाशीही बोलत नाही. स्वप्न नाही, देवदूत नाही, चमत्कार नाही. निवेदक स्वतःच्या शब्दांत देवाच्या करणीचा उल्लेख दोनदाच करतो. 1:6 मध्ये (अध्याय 1, वचन 6), देवाने आपल्या लोकांना भाकरी दिली असं नामीच्या कानावर येतं. 4:13 मध्ये, देवाच्या देण्याने रूथला गर्भ राहतो. एकदा अन्न, एकदा मूल. बाकी सगळीकडे देव माणसांच्या तोंडी आहे. आशीर्वादात, शपथेत, तक्रारीत.

काही वाचकांना हे उणं वाटतं. मला यातच या पुस्तकाची मोठी मदत दिसते, कारण बहुतेक विश्वासणाऱ्यांचं आयुष्य असंच जातं. दर्शन होत नाही, आवाज येत नाही, कामाला मात्र जावं लागतं. दुसऱ्या अध्यायात बवाज रूथला आशीर्वाद देतो: ज्या देवाच्या पंखांखाली तू आश्रयाला आलीस तो तुला भरपूर प्रतिफळ देवो. तिसऱ्या अध्यायात रूथ त्यालाच म्हणते, तुमचं वस्त्र माझ्यावर पसरा, म्हणजे लग्न करून मला आश्रय द्या. आशीर्वाद दिला कुणी आणि तो पुरा करायचा कुणी, हे ती सरळ त्याच्यासमोर ठेवते. त्यातून शिकण्यासारखं हे, की शेजारच्या आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची तर त्याच बैठकीत त्याला दवाखान्यात कोण नेणार आणि कोणत्या दिवशी, हेही ठरवायचं.

नामीची तक्रार पाप होती का?

गावात शिरल्यावर बायका विचारतात, ही नामीच ना? ती म्हणते, मला नामी म्हणू नका, ‘मारा’ म्हणा, म्हणजे कडू. मी भरलेली गेले होते, देवाने मला रिकामी परत आणलं. तिने दोष सरळ देवावर ठेवला आहे. इथे कुणीतरी तिला गप्प करेल, श्रद्धा ठेव म्हणेल, असं वाटतं. कुणी म्हणत नाही. गाव नाही, रूथ नाही, निवेदकही नाही.

दुःखाच्या घरी गेल्यावर आपण लगेच वचन सांगायला जातो, तिथे हा प्रसंग आठवावा. नामी देवावर रागावली आहे, पण ती देवाविषयी बोलणं सोडत नाही आणि देवाच्या लोकांकडेच परत आली आहे. तिचं एक मात्र चुकतं. ‘रिकामी आले’ म्हणते तेव्हा रूथ शेजारीच उभी असते. दुःखात शेजारचं माणूस दिसेनासं होतं, आणि ते माणूस तरीही उभं राहतं. पुस्तक इथे नामीवर टीका करत नाही. लगेच दुसऱ्या अध्यायाकडे, कामाकडे वळतं.

एका दिवसाचं काम

दुसरा अध्याय शेतात काम केलेल्या माणसाने वाचावा, त्याला तो सर्वांत आधी कळतो. रूथ हक्काचं घेण्यासाठीही आधी मुकादमाला विचारते. सकाळपासून उभी असते. बवाज येतो, मजुरांना नमस्कार करतो, आणि मग एकेक सूचना देतो. दुसऱ्या शेतात जाऊ नकोस, माझ्या बायामजुरांबरोबरच राहा. गड्यांना बजावलं आहे, तुला हात लावायचा नाही. तहान लागली तर गड्यांनी भरलेल्या घड्यांतलं पाणी पी.

या तीन सूचनांमागे तीन धोके आहेत: एकटीने हिंडणं, अंगचटीला येणारे पुरुष, आणि पाण्यासाठी दूर जाण्यात जाणारा वेळ. नियमशास्त्राने सरवा दिला होता, सुरक्षितता दिली नव्हती. पुढे जेवणाच्या सुट्टीत तो तिला मजुरांच्या पंगतीत बसवतो, भाकरी सिरक्यात बुडवून खा म्हणतो, भाजलेलं धान्य स्वतःच्या हाताने वाढतो. ती पोटभर खाते आणि उरलेलं बांधून ठेवते. मग तो गड्यांना हळूच सांगतो, पेंढ्यांतली काही ताटं मुद्दाम ओढून तिच्यासाठी टाका आणि तिला रागावू नका. दान दिसू नये, तिला तो आपल्या कष्टाचाच सरवा वाटावा, एवढी काळजी.

संध्याकाळी ती वेचलेलं झोडपते. साधारण एक एफा जव निघतो. एफा म्हणजे अंदाजे 22 लिटरचं माप. जव तेवढा भरला तर 13-14 किलो होतो. दोघींनी दिवसाला मिळून एक किलो खाल्ला तरी जवळपास दोन आठवड्यांचं धान्य एका दिवसात आलं. पडलेली कणसं वेचून इतकं निघत नाही. म्हणून तर नामी पहिल्यांदा शुद्धीवर आल्यासारखी विचारते, आज कुठे वेचलंस?

ही सुनेने सासूची सेवा करावी अशी शिकवण आहे ना?

‘तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव’ हे रूथने नामीला दिलेलं वचन लग्नात नवरीला ऐकवतात, पुढे घरात त्याचा धाक म्हणून वापर होतो. मूळ प्रसंग पाहा. नामी दोघी सुनांना मोकळं करते, आईच्या घरी जा म्हणते, दोघींना सारखाच आशीर्वाद देते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकीला सासरी परतायचा तगादा ज्या घरातून येतो, त्या घराच्या हे नेमकं उलट आहे. रूथ थांबते ती मोकळी असूनही. सक्तीने काढून घेतलेल्या सेवेला या वचनाचा आधार घेता येत नाही.

आणि अर्पा? प्रवचनांत तिला जगाच्या मोहाने परत गेलेली म्हणतात. पुस्तकात तिच्याविषयी वाईट एक अक्षर नाही. ती रडते, सासूचं चुंबन घेते, सांगितल्याप्रमाणे जाते.

खळ्यावरची रात्र

तिसऱ्या अध्यायाने वाचक अवघडतात. नामीच्या सांगण्यावरून रूथ अंघोळ करून, तेल लावून, रात्री खळ्यावर जाते आणि झोपलेल्या बवाजच्या पायाशी निजते. उपणणी झाल्यावर राशीला राखण लागते, म्हणून मालक खळ्यावर झोपलेला. निवेदक प्रसंग नाजूक ठेवतो. काय झालं असेल याच्या तर्कात शिरण्यात फायदा नाही. जे लिहिलं आहे ते पुरेसं आहे: अंधार, एकटी परदेशी बाई, वजनदार पुरुष, साक्षीदार कुणी नाही. अशा वेळी बवाज तिचं नाव जपतो. उजाडायच्या आधी तिला पाठवतो, रिकाम्या हाताने पाठवत नाही, सहा मापं जव चादरीत बांधून देतो, आणि आपल्याहून जवळचा एक नातेवाईक आहे, त्याचा हक्क पहिला, हे स्वतःहून सांगतो. कुणी पाहत नसताना माणूस नियम पाळतो का, ही श्रद्धेची कसोटी इथे लागते.

वेशीवरचा व्यवहार

सकाळीच बवाज वेशीत बसतो. त्या काळी गावची कामं वेशीत चालत. तो त्या जवळच्या नातेवाइकाला हाक मारतो, दहा वडीलधारे बसवून घेतो आणि त्याला विचारतो. नामी अलीमलेखाचा जमिनीचा तुकडा विकते आहे, तू सोडवणार का? तो म्हणतो, सोडवतो. मग बवाज सांगतो, जमीन घेशील त्या दिवशी रूथही आली, मेलेल्याचं नाव त्याच्या वतनावर चालवायचं. लगेच तो मागे सरतो.

का? हिशेब मांडून पाहा. नामी म्हातारी, तिला मूल होणार नाही. तिच्या एकटीची जमीन सोडवली तर पैसे जातात, पण वारस नसल्याने जमीन आपल्याच घरात राहते. सौदा फायद्याचा. रूथला मुलगा झाला की जमीन त्या मुलाची, रूथच्या मेलेल्या नवऱ्याच्या, महलोनच्या नावाची. म्हणजे पैसे स्वतःच्या मुलांच्या वाट्यातून द्यायचे, एक कुटुंब पोसायचं आणि शेवटी जमीनही द्यायची. तो स्वतःच म्हणतो, माझ्या वतनाचं नुकसान होईल. तो दुष्ट नाही, नियम मोडत नाही. जोडा काढून देतो, साक्षीदारांसमोर हक्क सोडतो आणि जातो.

बवाजसमोरही हाच हिशेब होता. त्याने तोटा माहीत असून उचलला. आपलं नाव आणि वतन जपायला निघालेल्या त्या माणसाचं नाव पुस्तकात कुठेच येत नाही. बवाज त्याला नुसतं ‘अमुक’ म्हणून हाक मारतो. माझ्या मते ख्रिस्ती माणसाने या पुस्तकातून एकच गोष्ट घ्यायची तर ही घ्यावी: ज्या प्रेमाचा हिशेब कुठेच तोट्यात जात नाही, त्या प्रेमाने अजून कुणाला सोडवलेलं नसतं. येशूच्या कामाला मंडळी, म्हणजे चर्च, ‘सोडवणूक’ म्हणते तेव्हा असा, स्वतः किंमत भरणारा नातेवाईक डोळ्यांसमोर असतो.

म्हणजे गरिबाने सरवाच वेचत राहायचं का?

हा आक्षेप रास्त आहे. दानधर्माचं कौतुक करून मजुरी तीच ठेवणारे लोक रूथचं पुस्तक आनंदाने वाचू शकतात. पण ते दुसऱ्या अध्यायावरच थांबतात. नामीचं कुटुंब जमीनदार होतं. जमीन होती, पण पेरणीच्या वेळी नामी मवाबात होती, त्यामुळे कापणीच्या दिवसांत घरात दाणा नव्हता. सरव्याने पोट भरलं ते जव आणि गव्हाची कापणी संपेपर्यंत. पुढे काय, हा प्रश्न तिसऱ्या अध्यायात नामीच काढते, आणि तो सुटतो चौथ्यात, साक्षीदारांसमोर, जमिनीच्या हक्काने. सरवा हा आजचा उपाय, सातबारा हा उद्याचा. पुस्तक पहिल्याला नावं ठेवत नाही आणि दुसऱ्याशिवाय संपत नाही.

चांगल्याचं शेवटी चांगलंच होतं, हाच धडा ना?

नाही. महलोन आणि खिल्योन परत येत नाहीत. ओबेदाला मांडीवर घेतलेली नामी तीन कबरी मवाबात सोडून आलेली आहे. गावातल्या बायका तिला म्हणतात, सात मुलांपेक्षा ही सून तुला चांगली. गेलेल्यांची भरपाई झाली असं त्या म्हणत नाहीत. ‘विश्वास ठेव, सगळं परत मिळेल’ असं आश्वासन या पुस्तकाच्या नावावर कुणी देत असेल तर त्याला पहिली पाच वचनं पुन्हा वाचायला सांगावीत.

मवाबी बाई चालली कशी?

अनुवाद 23 सांगतो, मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंतही मंडळीत घेऊ नये. एक कारणही दिलं आहे: इस्राएल लोक मिसरातून येताना वाटेत ते भाकर-पाणी घेऊन सामोरे आले नाहीत. रूथ जेवणातलं उरलेलं बांधून नामीकडे नेते, एफाभर जव उचलून नेते, तेव्हा एक मवाबी बाई इस्राएली बाईला भाकर पोचवत असते. पुढे यहुदी परंपरेने ही बंदी मवाबी पुरुषांपुरती मानली. पुस्तक तिला पुन्हा पुन्हा ‘मवाबी रूथ’ म्हणतं, तिची ओळख लपवत नाही, आणि तिच्या पणतूला राजा दाखवतं. मत्तयच्या पहिल्या अध्यायातल्या येशूच्या वंशावळीतही तिचं नाव आहे. जातपात, पाडा, बोली यांवरून मंडळीत कुणाला मागच्या सतरंजीवर बसवलं जात असेल, तर ही वंशावळ तिथे मोठ्याने वाचावी.

घरी अभ्यास कसा करावा

आधी एका बैठकीत पूर्ण पुस्तक मोठ्याने वाचा. निम्म्याहून जास्त भाग संवादाचा आहे, म्हणून नामी, रूथ, बवाज अशी पात्रं वाटून घेतली तर अक्षरओळख नसलेल्यांनाही ते लक्षात राहतं. अहिराणी, भिली, मावची, ज्या बोलीत घरी बोलता त्या बोलीत पुन्हा सांगायला लावा. मग आठवड्याला एक अध्याय. पहिल्याबरोबर काही जोडू नका. दुसऱ्याबरोबर लेवीय 19:9-10 आणि अनुवाद 24:19-22, तिसऱ्याबरोबर लेवीय 25:23-28, चौथ्याबरोबर अनुवाद 25:5-10 वाचा. वहीत दोन रकाने करा: नियमाने किती बंधन होतं आणि त्या माणसाने प्रत्यक्षात किती केलं. दुसरा रकाना भरू लागला की धडे आपोआप दिसतात.

इथे सर्वांत जास्त फसतं ते धडा लिहिताना. ‘मी अधिक प्रेमळ व्हावं’ असं लिहिलेलं पुढच्या आठवड्यात तपासता येत नाही. कोणासाठी, काय, कधीपर्यंत, एवढं लिहा. ज्यांच्या शेतावर मजूर आहेत त्यांनी हा अभ्यास आखाजीच्या महिनाभर आधी सुरू करावा. खानदेशात सालदाराचं नवं साल आखाजीला ठरतं. त्या बोलणीत आकड्याबरोबर पिण्याचं पाणी, जेवणाची सुट्टी आणि बायामजुरांशी गड्यांनी कसं वागायचं, हेही तेव्हाच बोलून घेता येतं.